हिवाळ्याचे सण करायचे तर आधी अंधार सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक लहान वॉल्डॉर्फ शाळा (रुडॉल्फ स्टायनर यांच्या शिक्षणपद्धतीने चालणारी), बालवाडी आणि खालचे तीन वर्ग. सण-समितीत यंदा नव्याने आलेल्या एक पालक विचारतात: लँटर्न वॉक म्हणजे कंदिलांची फेरी, स्पायरल म्हणजे मेणबत्ती घेऊन चालायची फांद्यांची गोल वाट, सेंट निकोलस आणि लुसिया या संतांचे दिवस, मेंढपाळांचं नाटक, हे सगळं करायलाच हवं का? निम्मी कुटुंबं ख्रिश्चन नाहीत, त्यांना काय सांगायचं? आणि गेल्या वर्षी सगळे एवढे राबले तरी लँटर्न वॉक गॅदरिंगसारखा झाला, लहान मुलं रडून घरी गेली, ते कशामुळे?

मी आधी बालवाडीत आणि नंतर क्लास टीचर म्हणून बरीच वर्षं हे सण करत आले आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात.

गेल्या वर्षीची संध्याकाळ तुम्ही लिहिली आहे ती अशी: साडेसहाला जमायचं, आधी स्वागत, मग सणाचं महत्त्व सांगणारं छोटं भाषण, मग फेरी, फेरीच्या वाटेवर पालकांनी हौसेने सोडलेल्या दिव्यांच्या माळा, पुढेमागे मोबाइलचे फ्लॅश, शेवटी मैदानात स्टॉल आणि स्पीकरवर गाणी. यातली एकेक गोष्ट कुणीतरी प्रेमानेच केली असणार. पण बेरीज बघा. मुलांच्या हातात कंदील होता आणि त्याने उजळावं असं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

हिवाळ्याच्या सणांचं मुख्य सामान अंधार आहे. कागद, मेण, फांद्या, गाणी ही सगळी त्याच्या मागून येतात. आपण मोठी माणसं मात्र कार्यक्रम म्हटला की अंधार हटवायच्या मागे लागतो, शांतता दिसली की ती भरून काढतो आणि मुलांना कळलं नसेल या काळजीने समजावून सांगत बसतो. त्यामुळे सण-समितीला मी पहिलं काम नेहमी तेच सांगते: कार्यक्रमात काय घालायचं याची यादी बाजूला ठेवा, काय काढायचं याची करा.

हे सण मुळात कुठे घडले ते पाहिलं की यामागचं कारण लगेच पटतं. पहिली वॉल्डॉर्फ शाळा ७ सप्टेंबर १९१९ रोजी श्टुटगार्टमध्ये सुरू झाली, एमिल मोल्ट यांच्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. श्टुटगार्ट जवळपास ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा उरतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून १८ अंशांच्या वर चढत नाही. ११ नोव्हेंबरला, म्हणजे कंदिलांची फेरी निघते त्या सेंट मार्टिनच्या दिवशी, पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वर्षांचं मूल साडेपाचला गडद अंधारात कंदील घेऊन चालतं आणि सातला अंथरुणात असतं. म्हणजे या वेळापत्रकाला मुलाची झोप आणि अंधार दोन्ही साधतात. तुमची मुलं रडली यात निम्मा वाटा त्या साडेसहाचा आहे. त्यात भाषण धरलं की प्रत्यक्ष चालायला लागेपर्यंत सात वाजले असतील.

रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२३ च्या वसंतात स्वित्झर्लंडमधल्या डॉर्नाखला दिलेल्या व्याख्यानांत वर्षाच्या चक्राकडे पृथ्वीचा श्वास म्हणून पाहिलं आहे: उन्हाळ्यात ती श्वास सोडते, हिवाळ्यात आत घेते. हे तत्त्वज्ञान मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हिवाळ्यात झाडं, प्राणी, माणसं सगळीच आत वळतात हे मुलाला अंगाने कळत असतं. त्या कळण्याला आकार द्यायचा, एवढंच सणाचं काम.

मग जिथे हिवाळा असा येत नाही तिथे काय? दक्षिण गोलार्धातल्या शाळांना हा प्रश्न फार लवकर पडला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, म्हणून तिथल्या कितीतरी शाळा कंदिलांची फेरी आणि स्पायरल जूनमध्ये, सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास करतात. नाताळ मात्र डिसेंबरमध्येच येतो, उन्हात. या फारकतीवर तिथे अजून वाद चालतात आणि ते चालावेत असं मला वाटतं. विषुववृत्ताजवळच्या शाळांची अडचण आणखी वेगळी, तिथे रात्र वर्षभर जवळजवळ तेवढीच. अशा ठिकाणी युरोपचं कॅलेंडर जसंच्या तसं लावलं की गाणं बर्फाचं आणि मूल घामाने ओलं, असा प्रकार होतो. शिक्षकांनी आधी वर्षभर बाहेर बघावं: पानं कधी गळतात, पक्षी कधी येतात-जातात, सकाळी धुकं कधी असतं, मुलं कोणत्या महिन्यात आतल्या खेळांकडे वळतात. सणाची तारीख त्या नोंदींतून काढावी.

आता तयारी. फेरी अर्ध्या तासाची असते, सण तीन आठवड्यांचा. हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण त्यांना दिसतो तो अर्धा तास. मूल मात्र तीन आठवडे मॉर्निंग सर्कलमध्ये, म्हणजे सकाळच्या गाण्या-खेळांच्या गोलात, तीच तीन-चार गाणी म्हणत असतं, कागद रंगवत असतं, कंदील सुकायची वाट बघत असतं.

कंदिलाची आमची रीत सांगते. जाड वॉटरकलर कागद ओला करून त्यावर पिवळा आणि लाल सोडायचा. रंग एकमेकांत मिसळतील तसे मिसळू द्यायचे, मुलाच्या हातातून ब्रश घेऊन 'सुधारायचं' नाही. कागद पूर्ण वाळला की त्याला खायचं तेल चोळायचं, म्हणजे तो पारदर्शक होतो आणि आतला उजेड काचेतून आल्यासारखा दिसतो. तेल लावताना दोन्ही उभ्या कडा आणि खालची कड बोटभर कोरडी ठेवा, कारण तेलकट कागदाला खळ धरत नाही; ऐन फेरीत तळ सुटून मेणबत्ती पायावर पडते ती याच कारणाने. जवसाचं तेल वापरू नका. त्यात भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलेली फडकी कोणत्याही तेलाची असोत, पसरून वाळवा, मगच टाका. फुग्यावर पतंगी कागदाचे थर खळीने चिकटवून केलेला गोल कंदीलही छान होतो, पण त्याला दोन दिवस वाळायला लागतात आणि फुगा फुटतानाच्या आवाजाला काही लहान मुलं घाबरतात. तळाशी छोटी मेणबत्ती तारेने किंवा पट्टीने पक्की बसवा. काठी हातभर लांब असावी, त्याहून लांब झाली की ती पुढच्याच्या पाठीत लागते.

मेणबत्त्या बुडवण्याचा दिवस हा माझा सगळ्यात आवडता. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. ते कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही. उंच डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा आणि भांड्यापाशी एक मोठं माणूस सतत बसलेलं हवं. मुलं रांगेत येतात, वात बुडवतात, बाहेर काढतात, खोलीभर एक फेरी मारून पुन्हा रांगेत येतात. ती फेरी फार कामाची असते, तेवढ्यात थर गार होतो. वात डब्यात रेंगाळली तर आधीचा थरही वितळून जातो. हे कुणी सांगावं लागत नाही. घाई करणारं मूल गरम मेणावर परत मेण चढवायला जातं आणि त्याची मेणबत्ती काही केल्या जाड होत नाही. 'बघू तरी' म्हणून हात आत तसाच धरून ठेवणाऱ्याची बारीक होत जाते. पंधराव्या-सोळाव्या खेपेला दोघांनाही लय सापडते. वीस-पंचवीस खेपांत बोटाएवढी मेणबत्ती होते, खोलीला मधाचा वास येतो आणि एरवी दोन मिनिटं स्थिर न बसणारी पोरं तासभर एका शब्दाशिवाय गोल फिरत असतात. आईवडिलांना शाळेत बोलवायचं तर या दिवशी बोलवा, आणि बघायला न बोलवता वाती कापायला बोलवा.

फेरीच्या दिवशी गोष्ट सांगायची असेल तर मार्टिनची, आणि तीही आधीच, सकाळी वर्गात. मार्टिन चौथ्या शतकातला रोमन सैनिक, पुढे तूर शहराचा बिशप झाला. आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला. त्याला ११ नोव्हेंबर ३९७ रोजी पुरलं, म्हणून तो दिवस त्याचा. गोष्ट इतकीच सांगा. पहिलीतल्या एका मुलीने एकदा मला विचारलं होतं, "अर्धाच का? सगळा का नाही दिला?" माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "त्यालापण थंडी वाजत होती ना." मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग दोघांनाही थोडी थोडी वाजली असेल." यापुढे मी त्यागावर काही बोलले असते तर दोघांचं बोलणं वाया गेलं असतं. गोष्टीमागून तात्पर्य जोडायची सवय शिक्षकांना असते तशी पालकांनाही असते. गाडीत बसल्या बसल्या "मग आज काय शिकलास?" विचारू नका, ही विनंती मी दरवर्षी पत्रात लिहिते.

प्रत्यक्ष फेरीला नियम थोडे ठेवा. जमल्यावर कुणी बोलायचं नाही, शिक्षक गाणं सुरू करतात आणि चालू लागतात. वाटेवरचे जे दिवे आपल्या हातात आहेत ते बंद. गाणं सोपं, पाच सुरांतलं, वाद्याशिवाय. पालकांनी ते आधी शिकलेलं हवं, त्यासाठी आदल्या दोन आठवड्यांत मुलांना सोडायच्या वेळी दहा मिनिटं थांबवून घ्या. कंदील फक्त मुलांच्या हातात. मोबाइल खिशात, एका माणसाला लांबून, फ्लॅशशिवाय चार फोटो काढायला नेमा आणि ते सगळ्यांना पाठवा, म्हणजे तक्रार राहत नाही. वारा असेल तर कंदिलात बॅटरीचा दिवा चालतो, कागदाआडून फरक फारसा कळत नाही. शेवटी गरम प्यायला काहीतरी आणि घरी. तासाभरात सगळं आटोपलं पाहिजे.

स्पायरलबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथे चुकायला जागा जास्त आणि धोकाही जास्त. आडव्हेंट म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ. त्याच्या सुरुवातीला अंधाऱ्या खोलीत हिरव्या फांद्यांची गोल गोल आत जाणारी वाट मांडतात, मधोमध एक मोठी मेणबत्ती. एकेक मूल सफरचंदात रोवलेली न पेटलेली मेणबत्ती घेऊन आत जातं, मधल्या ज्योतीवर ती पेटवतं आणि परत येताना वाटेच्या कडेला एखाद्या सोनेरी कागदी ताऱ्यावर ठेवून देतं. पहिलं मूल अंधारात चालतं, शेवटचं उजेडात.

मोजमाप आधी करा. सगळ्यांनाच मोठी स्पायरल हवी असते आणि तिथेच कार्यक्रम हातातून जातो. सहा मीटर व्यासाची जागा, ८० सेंटिमीटर रुंद वाट आणि २० सेंटिमीटर फांद्यांची कड धरली तर दोन वेढे बसतात. जाऊन-येऊन ५० मीटरच्या आसपास चाल होते. चालणं, पेटवणं, ठेवणं मिळून एका मुलाला दीड मिनिट. वीस मुलांना अर्धा तास. आठ मीटर आणि तीन वेढे केलेत तर चाल ८० मीटरच्या पुढे जाते आणि तीच वीस मुलं पाऊण तास बसून राहतात. पाच वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. एका गटात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, वर्गवार वेगळ्या वेळा द्या. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर वाट सव्वा मीटर रुंद करून दीड वेढ्याचीच मांडा, सगळ्यांसाठी तीच. त्याच्यासाठी वेगळी सोय दिसता कामा नये.

सफरचंद बुडाशी चकती कापून सपाट करा. भोक अर्ध्यापर्यंतच पाडा, आरपार नाही. मेणबत्ती हलत असेल तर बुडाला कागद गुंडाळून घट्ट करा. फांद्या ताज्याच हव्यात. सूचिपर्णी झाडांच्या वाळलेल्या फांद्यांत राळ असते, त्या भडकन पेटतात. चार दिवस आधी आणून हॉलमध्ये टाकलेल्या फांद्या वापरायच्या नाहीत. अशी झाडं नसतील तर कुठलाही ओला पाला, दगड, शिंपले चालतात. वाट कशाने आखली याला महत्त्व नाही. मोकळे केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, सिंथेटिक झगे आणि पंख नकोत. प्रत्येक वेढ्यापाशी फांद्यांच्या आत एक मोठं माणूस खाली बसलेलं, त्याच्याजवळ ओलं कांबळं. दारापाशी पाण्याची बादली आणि अग्निशामक. दोन गटांच्या मध्ये खिडक्या उघडा, वीस ज्योती बंद खोलीतली हवा लवकर जड करतात. स्मोक अलार्मचं काय करायचं हे इमारत सांभाळणाऱ्यांशी आधी बोलून ठरवा, गुपचूप बंद करू नका. आणि मुलांच्या हाती ज्योत द्यायची परवानगी नसेल तरी स्पायरलमध्ये बॅटरीच्या मेणबत्त्या मला अजिबात आवडत नाहीत: मुलाने आत जायचं ते पेटवायला, आणि तिथे पेटवायला काही नाही. त्यापेक्षा मधोमध काचेच्या चिमणीत एकच खरा दिवा ठेवा आणि मुलांनी मधून एकेक स्फटिक किंवा शिंपला उचलून वाटेवर मांडत यावं.

पहिल्यांदा कोण जाणार? अंधारात पहिलं जाणं लहानाला जड, आणि वाट बघत बसणं लहानाला त्याहून जड. म्हणून मी वरच्या वर्गातली दोन मुलं आधी पाठवते, ती चालतात तसं बाकीचे चालतात, मग लगेच सगळ्यात लहान. तीन-साडेतीन वर्षांचं मूल आईचा किंवा बाबांचा हात धरून जातं. कुणी जायला नाही म्हटलं तर "बरं" म्हणायचं आणि शेवटी पुन्हा एकदा नजरेने विचारायचं. मेणबत्ती विझली तर मूल परत मधे जाऊन पेटवतं, कुणी धावत जाऊन लायटर पुढे करायचा नाही. एखादं धावत सुटतं, एखादं मधे पोचून तिथेच ज्योतीकडे बघत उभं राहतं, एखादं सफरचंद ठेवायची जागा तीनदा बदलतं. शिक्षक म्हणून या अर्ध्या तासात मुलाबद्दल जेवढं दिसतं तेवढं एरवी महिन्याभरात दिसत नाही. ते मनात ठेवावं. "तुमचा मुलगा किती अधीर आहे ते आज कळलं" असं पालकाला दारात सांगणं अक्षम्य.

वाद्य एकच, लायर (हातात धरायचं लहान तंतुवाद्य) असेल तर उत्तम, नसेल तर नुसतं गुणगुणणं. टाळ्या नाहीत. संपल्यावर मुलं न बोलता बाहेर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत दोऱ्या आणि ठोकळे घेऊन तीच स्पायरल मांडून खेळतात. तो खेळ दिसला की सण नीट झाला असं समजायला हरकत नाही.

आडव्हेंटच्या चार आठवड्यांत सीझन टेबलावर, म्हणजे वर्गात ऋतूच्या वस्तू मांडायच्या टेबलावर, पहिल्या आठवड्यात दगड-स्फटिक, दुसऱ्यात वनस्पती, तिसऱ्यात प्राणी, चौथ्यात माणसं अशी भर घालतात. चार मेणबत्त्यांचं चक्रही असतं. त्याचा उगम योहान हिनरिख विखर्न यांच्या हँबर्गमधल्या अनाथाश्रमात १८३९ मध्ये सापडतो. नाताळ किती दिवसांवर आला असं मुलं सारखी विचारायची म्हणून त्यांनी लाकडी चाकावर दिवस मोजायच्या मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी वीस लहान, असं सांगतात. घरी एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

निकोलस आणि लुसिया यांच्याबद्दल थोडक्यात. निकोलस मायराचा बिशप होता, ते गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. त्याचा दिवस ६ डिसेंबर. दाराबाहेर ठेवलेल्या बुटांत रात्रीतून काही येतं, ही कल्पना छानच आहे. पण काही शाळांत तो वर्गात येऊन सोनेरी वहीतून मुलांचे गुणदोष वाचतो, त्याला माझा विरोध आहे. चारचौघांत मुलाचे दोष वाचून दाखवणं एरवी आपण करत नाही, मग दाढी लावून का करायचं? बरोबर येणारा भीतीदायक सोबतीही नको. निकोलसच्या गोष्टीत तो गरीब मुलींच्या घरी गुपचूप सोनं टाकून निघून जातो, तेव्हा त्याने दिसूच नये हेच बरं: दारावर थाप, बाहेर पोतं, माणूस नाही. लुसियाचा दिवस १३ डिसेंबर, त्या दिवशी एक मुलगी डोक्यावर ज्योतींचा मुकुट घालून येते. जुन्या ज्यूलियन कॅलेंडरमध्ये सर्वांत मोठी रात्र त्या सुमारास यायची. दुसरीत संतांच्या कथा शिकवल्या जातात, म्हणून हा दिवस बऱ्याचदा दुसरीचा वर्ग करतो. डोक्यावर खरी ज्योत नको, मुकुट बॅटरीचाच ठेवा.

मेंढपाळांच्या आणि इतर नाताळच्या नाटकांचा इतिहास गमतीचा आहे. आजच्या ब्रातिस्लाव्हाजवळच्या ओबेरउफर गावातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या ही नाटकं करत. कार्ल युलियस श्रोअर यांनी १९ व्या शतकाच्या मध्याला ती गोळा केली. स्टायनर व्हिएन्नात त्यांचे विद्यार्थी होते, त्यांच्यामार्फत ती शाळेत आली. ती मुलं करत नाहीत, शिक्षक मुलांना भेट म्हणून करून दाखवतात. आपले गणिताचे सर मेंढपाळ होऊन बर्फावर धपकन पडतात, हे मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पण त्याला दीड-दोन महिने तालमी लागतात, आणि थकलेल्या शिक्षकांनी ओढूनताणून केलेलं नाटक भेट वाटत नाही. तीन राजांचं नाटक खालच्या वर्गांना दाखवू नका. त्यातल्या हेरोद राजाचा हिंसाचार त्यांना पेलत नाही, आणि त्याच्या दरबारातले ज्यू पंडित ज्या थट्टेने रंगवले जातात ते मला कोणत्याही वयाच्या मुलांसमोर खटकतं.

ख्रिश्चन नसलेल्या कुटुंबांचा प्रश्न. आधी स्वतःशी खरं बोला: या सणांचा गाभा ख्रिश्चन आहे आणि त्याला स्टायनरच्या अँथ्रोपॉसॉफीची, म्हणजे त्यांच्या अध्यात्मविचाराची, जोड आहे. "हा फक्त प्रकाशाचा उत्सव" म्हणून तो लपवणं मला पटत नाही. चार वर्षांनी कुणा पालकाला गाण्याचा अर्थ कळतो आणि आपली फसवणूक झाली असं वाटतं, ते बरोबरच असतं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच सांगा. सणाच्या तीन आठवडे आधी पत्र पाठवा, त्यात गोष्ट कोणती, गाण्यांचे शब्द काय, मूल नेमकं काय करणार, सगळं द्या. न येणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी विचारू नये.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन दर आठवड्याला एका धर्माचं प्रदर्शनही मांडू नका. इस्रायलमधल्या वॉल्डॉर्फ शाळा याच ऋतूत हनुक्का हा ज्यू लोकांचा दिव्यांचा सण करतात. इजिप्तमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या सेकेम या शेती-प्रकल्पाने पुढे काढलेल्या शाळेत मुस्लिम आणि ख्रिश्चन मुलं एकत्र शिकतात आणि दोघांच्याही सणांना जागा असते. या शाळांकडून घ्यायचं ते हे, की सण त्याने करावा ज्याला तो आतून माहीत आहे. तुमच्यातल्या एखाद्या कुटुंबाचा हिवाळ्यातला सण असेल तर त्यांना विचारा, ते करतील तसा बाकीच्यांनी शिकावा, आणि तो पुढची पाच वर्षं टिकेल एवढी माणसं असतील तरच सुरू करा. यंदा आहे, पुढल्या वर्षी नाही, असं झालं की मुलांना तो कार्यक्रम वाटतो. कंदिलाची फेरी आणि मेणबत्त्या मात्र बहुतेक घरांना चालतात, असा माझा अनुभव आहे.

विंटर फेअरचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. निधी लागतो, फेअर करा, पण वेगळ्या दिवशी, दिवसाउजेडी, आणि सणाच्या नावाने नाही. पालकांच्या हस्तकलेच्या संध्याकाळी मात्र खरंच उपयोगी पडतात, पतंगी कागदाचे तारे घडी घालताना जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या सभांमध्ये होत नाहीत.

तुमची शाळा तिसरीपर्यंतच आहे, तरी पुढचा विचार म्हणून सांगते: सातवी-आठवीच्या मुलांना हे सगळं बालिश वाटू लागतं आणि वाटायलाच हवं. त्यांना चालायला लावू नका. त्यांना मेण वितळवायला, फांद्या आणायला, वाद्य वाजवायला, लहानांना रस्ता दाखवायला घ्या.

तर यंदा काय करावं? एकच सण करा, कंदिलांची फेरी. भाषण, माळा, स्पीकर, स्टॉल काढून टाका आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने निघा. गाणी तीन, तीच पुढल्या वर्षीही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक आणि समिती मिळून एकदा ती वाट अंधारात चालून बघा. कुठे ठेच लागते, कुठे रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर येतो, ते तेव्हाच कळतं. स्पायरल पुढच्या वर्षी घ्या, तोवर आठवीपर्यंत वर्ग असलेल्या एखाद्या जुन्या शाळेत तुमच्यापैकी दोघींनी जाऊन ती मांडायला मदत करा, नुसती बघू नका. निकोलसचं पोतं तिसऱ्या वर्षी. नाटकाचं नाव शिक्षकांनी स्वतःहून काढेपर्यंत समितीने काढू नये.